संप्रेषणातील अडथळे

संप्रेषणातील अडथळे म्हणजे सांगणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचू न देणारे घटक होत. भौतिक (गोंगाट, सदोष यंत्रणा), भाषिक (संदिग्ध शब्द), मानसिक (घाई, पूर्वग्रह) आणि अधिकारविषयक (वरिष्ठांचा दरारा) असे त्यांचे ढोबळ वर्गीकरण करता येते.

उदाहरण

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम व पॅन अ‍ॅम या कंपन्यांच्या विमानांची दाट धुक्यात धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेत चारही प्रकारचे अडथळे एकत्र आले. कामाच्या वेळेची मर्यादा जवळ आल्याने केएलएमचे वैमानिक घाईत होते. त्यांच्या संदिग्ध संदेशामुळे विमान अद्याप उभेच आहे, असा नियंत्रकाचा समज झाला. नियंत्रकाची थांबण्याची सूचना व पॅन अ‍ॅमचा इशारा एकाच वेळी प्रसारित झाल्याने केएलएमच्या वैमानिकांना शब्दांऐवजी कर्कश आवाज ऐकू आला. धावपट्टी मोकळी झाली का, ही उड्डाण अभियंत्याची शंका ज्येष्ठ कप्तानाने फेटाळली.

उपाय

पुढे 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरण्याचा दंडक रूढ झाला. कनिष्ठांनी शंका बोलून दाखवावी व वरिष्ठांनी ती ऐकावी, असे प्रशिक्षणही दिले जाऊ लागले.

हीच तत्त्वे वर्ग, रुग्णालय व कार्यालय यांनाही लागू पडतात. 'समजले का?' या प्रश्नाला संकोचापोटी होकार मिळू शकतो. ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावल्यास गैरसमज वेळीच उघड होतो.