केनियाची अरण्ये आणि त्यांचे राखणदार

आफ्रिकेतील अरण्य म्हटले की सूर्यकिरणांस मज्जाव करणारी, वेलींनी जखडलेली निबिड झाडी आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. केनिया देशापुरते हे चित्र बव्हंशी चुकीचे आहे. विषुववृत्त या देशाच्या मध्यातून जाते खरे. तथापि त्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग कोरडा किंवा निमकोरडा असून तेथे गवताचे व काटेरी झुडपांचेच राज्य आहे. खरी अरण्ये उरली आहेत ती डोंगरमाथ्यांवर, नद्यांच्या काठी आणि समुद्रकिनाऱ्याच्या पट्टीत, एकमेकांपासून तुटलेल्या बेटांसारखी. बेटावर जशी निराळी जीवसृष्टी नांदते, तशी यांतील प्रत्येक अरण्यात नांदते. आणि बेट बुडाले म्हणजे तेथील जीवांस दुसरा आसरा राहत नाही. म्हणूनच या अरण्यांची राखण कोणी केली, हा तेथील इतिहासातील केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे.

पश्चिमेस काकामेगा येथे काँगोच्या खोऱ्यातील महारण्याचा पूर्वेकडील अवशेष आहे. मोठा निळा तुराको पक्षी व लांब केसांची काळीपांढरी कोलोबस माकडे तेथे दृष्टीस पडतात. त्याच्या उत्तरेस एल्गन पर्वताच्या गुहांत रानहत्ती अंधारात चाचपडत शिरतात व सुळ्यांनी भिंती उकरून त्यांतील क्षार खातात. मध्यभागी ५,१९९ मीटर उंचीचा केनिया पर्वत आणि त्याच्या पश्चिमेस अॅबरडेअरची रांग. येथील देवदार व बांबूंच्या वनांत तांबूस अंगावर पांढरे पट्टे मिरविणारे बोंगो हे लाजाळू हरिण राहते. त्यांची रानातील संख्या आज शंभराच्याही खाली आहे. ताना नदीच्या काठच्या झाडीत माकडांच्या दोन जाती अशा आहेत की त्या जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. किनाऱ्यावर सुमारे ४२० चौरस किलोमीटरचे आराबुको-सोकोके अरण्य पसरले आहे. तेथे वीतभर आकाराचे एक घुबड आहे, आणि सोनेरी पाठीचा, सोंडेसारख्या नाकाचा एक चिमुकला प्राणी आहे. तो दिसतो चिचुंद्रीसारखा, परंतु शास्त्रज्ञांच्या मते त्याचे नाते चिचुंद्रीपेक्षा हत्तीशी अधिक जवळचे!

याच किनाऱ्यावर मिजिकेंडा या नावाने ओळखले जाणारे नऊ समाज आहेत. सोळाव्या शतकापासून त्यांनी टेकड्यांवरील दाट झाडीत तटबंदीची गावे वसविली. त्यांस 'काया' म्हणतात. कालांतराने वस्ती बाहेर सरकली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही गावे ओस पडली, परंतु झाडी उभीच राहिली. पूर्वजांची थडगी तेथे असल्यामुळे लाकूड तोडणे, गुरे चारणे निषिद्ध मानले गेले व वृद्धांच्या सभेने तो निर्बंध पाळविला. आपल्या सह्याद्रीतील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. २००८ साली युनेस्कोने यांतील दहा वनांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

इंग्रजांस मात्र या वनांचे सामर्थ्य निराळ्याच मार्गाने कळले. गिरियामा समाजाकडून झोपडीपट्टी हा कर व मळ्यांसाठी मजूर मागितले जाऊ लागले, तेव्हा मेकाटिलिली वा मेंझा या विधवा स्त्रीने १९१३ मध्ये लोकांस कायेत जमवून प्रतिकाराच्या शपथा घेवविल्या. सरकारने तिला देशाच्या पश्चिम टोकास हद्दपार केले; तेथून निसटून ती परत आली. अखेर ऑगस्ट १९१४ मध्ये गिरियामांची मुख्य काया सुरुंगाच्या दारूने उडवून देण्यात आली. एखाद्या समाजाचे बळ त्याच्या झाडीत आहे, याची याहून स्पष्ट कबुली राज्यकर्त्यांनी क्वचितच दिली असेल.

अन्यत्र हे काम कागदाने झाले. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग झाला. हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांनी तो बांधला आणि आरंभी त्यावरील इंजिने लाकडावरच चालत. पाठोपाठ जमिनी व वने राजसत्तेच्या मालकीची ठरली. १९०७ मध्ये वनखात्याचे प्रमुख झालेले डेव्हिड हचिन्स यांनी पूर्वी म्हैसुरात नोकरी केली होती. हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने जे घडले व ज्याविषयी जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात तक्रार मांडली, त्याचीच ही आफ्रिकेतील आवृत्ती होय. काल ज्या रानात मध गोळा करणे हा हक्क होता, तेथे आज तो अपराध झाला.

पुढे याच रानांनी बंडखोरांस आश्रय दिला. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेल्यावर माऊ माऊ चळवळीचे लढवय्ये अॅबरडेअर व केनिया पर्वत यांच्या झाडीत शिरले. सरकारने त्या वनांवर विमानांतून बाँब टाकले. १९५६ मध्ये देदान किमाथी पकडला गेला व पुढील वर्षी फाशी गेला.

१९६३ मध्ये स्वातंत्र्य आले. मालक बदलले, मालकीची कल्पना बदलली नाही. सरकारी वन म्हणजे मर्जीतल्या मंडळींस वाटावयाची मिळकत, असा समज नव्या सत्ताधाऱ्यांतही रुजला. नैरोबीलगतचे १,०४१ हेक्टरांचे कारुरा अरण्य १९३२ पासून राखीव होते. १९९० नंतरच्या दशकात त्याचे तुकडे खासगी बांधकामासाठी दिले जाऊ लागले. १९७७ पासून खेड्यातील स्त्रियांकडून लक्षावधी रोपे लावून घेणाऱ्या वांगारी माथाई ८ जानेवारी १९९९ रोजी तेथे एक रोप लावावयास गेल्या असता भाडोत्री रक्षकांनी त्यांचे डोके फोडले. लोकक्षोभ उसळला आणि कारुरा वाचले. २००४ मध्ये माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९३२ ची ती राखीव हद्द वसाहत सरकारनेच आखली होती, आणि तिच्याच आधारे लोकांस दाद मागता आली. कायदा निरुपयोगी नसतो. परंतु त्याच्यामागे कोणी उभे राहिले नाही, तर तो केवळ कागद असतो.

माऊच्या डोंगराळ अरण्याची कथा अधिक दुःखद आहे. मारा नदी येथेच उगम पावते. दरवर्षी जी लक्षावधी रानजनावरे मासाई माराच्या कुरणांत येतात, त्यांची तहान तीच भागविते. २००१ साली या अरण्यातील सुमारे ६१,००० हेक्टर जमीन राखीव क्षेत्रातून वगळण्यात आली. पुढे नद्या आटू लागल्या, तेव्हा अरण्य रिकामे करण्याची टूम निघाली. त्या वरवंट्याखाली ओगिएक हे मध गोळा करणारे मूळचे वनवासीही सापडले. मे २०१७ मध्ये आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की अरण्यरक्षणाच्या नावाखाली त्यांस हुसकावणे अन्यायाचे आहे. २०२२ मध्ये जमीन व भरपाई देण्याचा आदेशही दिला. असे असूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची घरे पुन्हा मोडली गेली.

ज्यांच्या झाडांवर मधाची पोळी आहेत ते झाड तोडीत नाहीत, हे समजावयास पांडित्य लागत नाही. आराबुको-सोकोकेच्या कडेचे शेतकरी १९९३ पासून फुलपाखरांचे कोश वाढवून परदेशी विकतात. त्यांच्या मिळकतीचे मूळ त्या झाडीत आहे. काया राखणाऱ्या वृद्धांस पूर्वजांचे भय होते, या शेतकऱ्यांस संसाराची काळजी आहे. दोन्ही भावना माणसाच्या नित्याच्या जीवनातून उगवलेल्या आहेत, म्हणून टिकाऊ आहेत. बोंगोची व त्या सोनेरी प्राण्याची आयुर्मर्यादा आता अशाच राखणदारांच्या हाती आहे. त्यांस रानाबाहेर काढून रान वाचविण्याचा प्रयोग माऊमध्ये होऊन गेला आहे, आणि त्याचे फळ सर्वांसमोर आहे.