ठशांचे गणित

वारज्यात आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गुन्ह्याचा तपास कॉलेजात शिकता येतो का?" वर्ग हसला. पोलिसाला दंडुका पुरे, पुस्तके कशाला, असा त्या हसण्याचा अर्थ होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते गणिताच्या एका विद्यार्थ्यापाशी जाऊन पोहोचते.

काझी अझीझुल हक हे बंगालमधील खुलना भागातले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित व विज्ञान शिकले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांना गणितात तरबेज असा तरुण हवा होता. कॉलेजच्या शिफारशीवरून त्यांनी हकना सब-इन्स्पेक्टर म्हणून घेतले. माणसामाणसाचे ठसे निराळे असतात, हे तेव्हा ठाऊक झाले होते. परंतु हजारो कागदांतून नेमका एक शोधावा कसा?

हकनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. बोटावर चक्र असेल तर जोडीच्या क्रमाने १६, ८, ४, २ किंवा १ गुण. नसेल तर शून्य. जोडीतील एका बोटाचे गुण अंशात, दुसऱ्याचे छेदात मांडायचे आणि दोन्ही बेरजांत एक मिळवायचा. अंश ३२ प्रकारचा, छेदही ३२ प्रकारचा. म्हणून कप्पे झाले १०२४. कागद कोणत्या कप्प्यात आहे ते बोटेच सांगू लागली! त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या पद्धतीत मोलाची भर घातली.

१८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले व १९०१ साली स्कॉटलंड यार्डने ही पद्धत स्वीकारली. नाव मात्र हेन्रींचे झाले. हकना 'खानबहादूर' किताब मिळाला. त्यांच्या कामाची कबुली हेन्रींनी पुढे दिली. १९३५ साली मोतिहारी येथे हक निवर्तले.

आपल्या पुण्याचाही या विद्येशी संबंध आहे. १९०६ साली भांबुर्ड्यास पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली. १९०९ साली ती नाशिकला गेली. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते व २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. दंडुक्याने कबुली मिळेल, सत्य मिळेलच असे नाही. त्यात निरपराध माणूस भरडला जातो. ठसा मात्र धर्म, जात वा श्रीमंती पाहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. असे तज्ज्ञ वर्गांतूनच घडावयाचे आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत हे शिक्षण मिळते.

तेव्हा पालकहो, मुलीने असा प्रश्न विचारला तर हसू नका. तिचे गणित व विज्ञान पक्के करून घ्या. एखाद्या निरपराधाची सुटका उद्या तिच्या हातून व्हावयाची असेल.