चंद्रपूर-गडचिरोलीत वर्क फ्रॉम होम : घरातलं ऑफिस कसं उभारायचं? संपूर्ण माहिती



वर्क फ्रॉम होमसाठी घरात ऑफिस कसं तयार करायचं, यावर इंटरनेटवर भरपूर माहिती आहे. पण त्यात पहिलं नाव येतं खुर्चीचं, मग टेबलाचं, मग मोठ्या मॉनिटरचं. मी चंद्रपुरात राहून घरूनच काम करतो आणि माझे बरेच नातेवाईक गडचिरोली जिल्ह्यात आहेत. आमच्याकडे खुर्चीमुळे कुणाचं काम अडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. काम अडतं ते लाइन गेली म्हणून, नेट गेलं म्हणून, नाहीतर मे महिन्यात लॅपटॉप तापला म्हणून.

म्हणून या लेखात क्रम वेगळा आहे: आधी वीज, मग इंटरनेट, मग गरमी आणि शेवटी टेबल-खुर्ची. पैसे कमी असतील तर खर्चही याच क्रमाने करा. आणि एक कसोटी लक्षात ठेवा: लाइन गेल्यावर किमान दोन तास काम न थांबता चाललं पाहिजे. ही कसोटी पार झाली तर कंपनीला तुम्ही कुठल्या गावात बसला आहात याने फारसा फरक पडत नाही. नाही झाली तर पुण्यात किंवा हैदराबादेत भाड्याची खोली शोधायची वेळ येते.

१. वीज : सगळ्यात आधी बॅकअप

चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूरला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. तरीही आपल्याकडे लाइन जाते, याचं बाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं. पण वीज तयार होणं वेगळं आणि ती घरापर्यंत पोचणं वेगळं. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे जाणाऱ्या तारा याच जंगलातून जातात. वादळात एक फांदी पडली तरी पुढची गावं अंधारात.

पहिली खरेदी : राउटरचा छोटा यूपीएस. हजार-दोन हजार रुपयांत मिळणारी ही डबी लाइन गेल्यावरही वाय-फाय चालू ठेवते. घेताना एक गोष्ट तपासा. डबीवर ८,८०० एमएएच लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे एकूण साठा सुमारे ३२ वॅट-तास. फायबरचा मोडेम आणि राउटर मिळून १५ वॅट घेत असतील, तर नुकसान वजा जाता पावणेदोन तासच मिळतील. डबीचा व्होल्ट तुमच्या राउटरच्या अडॅप्टरशी जुळतो का (बहुतेकदा १२ व्होल्ट) आणि मोडेम-राउटर दोन्हींसाठी पिना आहेत का, हेही बघा.

दुसरी खरेदी : इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, म्हणून हाती सुमारे १,१५० वॅट-तास धरा. आता हिशोब असा:

• लॅपटॉप ६० वॅट, राउटर-मोडेम १५, साधा पंखा ७५, एलईडी बल्ब ९. एकूण १५९ वॅट, म्हणजे सुमारे ७ तास.
• तोच पंखा बीएलडीसी असेल तर २८ वॅट. एकूण ११२ वॅट, म्हणजे सुमारे १० तास.
• पहिल्या यादीत २०० वॅटचा कूलर जोडला तर जेमतेम ३ तास.

हे आकडे नव्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे आहेत. आपल्या उन्हाळ्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. ती गच्चीवरच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका, खालच्या मजल्यावर सावलीत ठेवा. मार्च ते जून दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघा. लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप वापरत असाल तर इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवा, नाहीतर लाइन जाताच पीसी बंद पडतो.

सोलरबद्दल एक गैरसमज. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि बिल कमी करायला ते चांगलंच आहे. पण साधं ऑन-ग्रिड सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. लाइन नसताना सोलर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड सिस्टीम लागते.

२. इंटरनेट : दोन वेगळे रस्ते

एकाच खांबावरून आलेल्या दोन कंपन्यांच्या केबल म्हणजे बॅकअप नाही. खांब पडला की दोन्ही जातात. आपल्याकडे माकडं केबलला लोंबकळतात ती वेगळीच गोष्ट. एक रस्ता तारेचा आणि दुसरा हवेचा ठेवा: म्हणजे घरात फायबर, आणि दुसऱ्याच कंपनीचं सिम.

शहरात, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली इथे, फायबरचे पर्याय मिळतात. कनेक्शन घेण्याआधी ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: “लाइन गेल्यावर तुमच्याकडच्या मशीनला किती वेळ बॅकअप आहे?” तुमचा राउटर चालू असून उपयोग नाही, जर गल्लीच्या कोपऱ्यावरचा त्यांचा स्विच बंद पडत असेल.

नेट गेलं की आधी मोडेमचे दिवे बघा. ‘पॉन’ हिरवा स्थिर असेल तर फायबर ठीक आहे, अडचण राउटरमध्ये किंवा पुढे कंपनीकडे. ‘लॉस’ लाल झाला असेल तर बहुतेक केबल तुटली आहे किंवा ऑपरेटरची मशीन बंद आहे. फोन करताना हे सांगितलं तर माणूस योग्य सामान घेऊन येतो.

गावात असाल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. भारतनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं असेल तर तिथून घरापर्यंत जोडणी देणारा कोणी आहे का, ते कळेल. ४जीच्या बाबतीत, जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिलं. पण योजना मंजूर होणं आणि तुमच्या अंगणात सिग्नल मिळणं यात अंतर असतं. त्यामुळे मोजून बघा.

मोजायचं कसं? फोनवरच्या काड्या फसवतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि मग ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ८० ते ९० चांगला, उणे १०० पर्यंत काम चालतं, उणे ११० च्या खाली व्हिडिओ कॉल विसरा. घराच्या प्रत्येक खोलीत, अंगणात आणि गच्चीवर हा आकडा लिहून घ्या. दोन-तीन कंपन्यांची सिमं शेजाऱ्यांकडून मागून तपासा. पावसाळ्यात पुन्हा मोजा, कारण ओली, दाट पानं सिग्नल अडवतात.

गच्चीवर सिग्नल आहे पण खोलीत नाही, असं असेल तर बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला ४जी राउटर घ्या. अँटेना उंचावर टॉवरच्या दिशेने लावा आणि तिची वायर शक्य तितकी कमी लांबीची ठेवा. बाजारात मिळणारे ‘सिग्नल बूस्टर’ मात्र लावू नका. परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडतं.

किती स्पीड लागतो? ७२०पी ग्रुप व्हिडिओ कॉलला साधारण २.६ एमबीपीएस अपलोड आणि १.८ डाउनलोड लागतो. दोन्ही मिळून तासाला सुमारे २ जीबी. म्हणजे रोजचा १.५ जीबीचा पॅक पाऊण तासात संपतो. फक्त आवाजाच्या कॉलला तासाला १०० एमबीसुद्धा लागत नाही. म्हणून मोबाइल डेटावर आलात की आधी कॅमेरा बंद करा. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा. मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोडमुळे.

३. पावसाळा आणि कडाडणारी वीज

घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गडगडाट सुरू झाला की लॅपटॉपचा चार्जर, राउटर आणि मोडेमचे प्लग काढा आणि बॅटरीवर काम करा. सर्ज प्रोटेक्टर छोटे झटके सांभाळतो, जवळ पडलेली वीज नाही. स्थानिक ऑपरेटरने गच्चीवरून साधी तांब्याची लॅन केबल आणली असेल तर तीही काढा, झटका तिच्यातूनही येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपल्याला नवीन नाही. अशा वेळी दुरुस्तीचा माणूसही येऊ शकत नाही. पूरप्रवण भागात असाल तर जुलै-ऑगस्टसाठी जास्तीचा अडॅप्टर, दुसरं सिम, चार्ज केलेली पॉवर बँक आणि कामाच्या फाइलींची ऑफलाइन प्रत घरात ठेवा.

४. गरमी आणि धूळ

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात तर घराबाहेर पाय टाकवत नाही. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लोकांना वाटतं नेट स्लो झालं.

• खोली निवडताना पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब टाळा. खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली सगळ्यात बरी. जुन्या कवेलूच्या घरात छताखाली सीलिंग करून घेतली तर गरमी आणि धूळ दोन्ही कमी होतात.
• एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. पाऊस सुरू झाला की तोच कूलर खोली दमट करतो.
• कूलरची ओली हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका. ती तुमच्यावर घ्या.
• लॅपटॉप गादीवर नको. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या तरी हवा खेळते.
• घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या कोळसा पट्ट्यात पंख्यात काळी धूळ साचते. दर सहा महिन्यांनी आतून साफ करून घ्या.

शक्य असेल तर डोक्याचं काम सकाळी ६ ते ११ मध्ये उरकून घ्या.

५. आता टेबल-खुर्ची

टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटीमीटर ठेवा. गावातला सुतार असा टेबल सहज करून देतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर असावं. त्यासाठी लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. खिडकी बाजूला येऊ द्या, पाठीमागे नको, नाहीतर व्हिडिओत चेहरा काळा दिसतो. कूलरच्या आवाजासाठी तोंडाजवळ माइक असलेला साधा वायरवाला हेडफोन पुरतो.

६. कंपनीला आधीच सांगा

मॅनेजरला सुरुवातीलाच लिहून द्या: माझ्याकडे इतक्या तासांचा बॅकअप आहे, फायबर गेलं तर पाच मिनिटांत मोबाइल डेटावर येतो, दोन्ही गेले तर एसएमएस करतो. शेवटचा पर्यायही ठरवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या फीडरवरचं नातेवाईकाचं घर किंवा तालुक्याची अभ्यासिका. मात्र सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर कंपनीचं लॉगिन करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बजेट फक्त पाच हजार आहे. काय घेऊ?
राउटरचा यूपीएस, दुसऱ्या कंपनीचं सिम आणि माइकवाला हेडफोन. उरलेल्या पैशात बीएलडीसी पंखा.

लाइन गेल्याची तक्रार कुठे करायची?
महावितरणच्या १९१२ या नंबरवर. ग्राहक क्रमांक राउटरजवळ भिंतीवर लिहून ठेवा. मोबाइल नंबर नोंदवला असेल तर वीजबंदीचे मेसेजही येतात.

सगळं नीट जमलंय हे कसं कळेल?
सुटीच्या दिवशी दुपारी मेन स्विच बंद करा आणि मित्राबरोबर दोन तास व्हिडिओ कॉल चालू ठेवा. मग फायबरची वायर काढून मोबाइल डेटावर या. जिथे अडेल, पुढचा पैसा तिथे लावा. ही चाचणी मार्चमध्ये एकदा आणि जूनमध्ये एकदा घ्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची परीक्षा वेगवेगळी असते.