चरित्रपट आणि त्याचा साक्षीदार : ‘बॅकबीट’मधील हॅम्बुर्ग

कीर्तिमंतांच्या पूर्वायुष्यावरील चरित्रपटास एक अडचण जन्मतःच चिकटलेली असते. कथेचा शेवट प्रेक्षकास आधीच ठाऊक असतो. पडद्यावरील पात्रांस मात्र तो ठाऊक असून चालत नाही. बीटल्स या रॉक वाद्यवृंदाच्या हॅम्बुर्गमधील वर्षांवर (१९६०–६२) इयान सॉफ्टली यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बॅकबीट’ (१९९४) या चित्रपटाने ही अडचण चतुराईने टाळली आहे. कथेच्या मध्यभागी त्याने ठेवला आहे तो कीर्ती येण्यापूर्वीच वृंदातून बाहेर पडलेला स्टुअर्ट सटक्लिफ.

सटक्लिफ हा मूळचा चित्रकार. जॉन लेनन याचा लिव्हरपूलच्या कलाशाळेतील मित्र. १९६१ मध्ये वृंद सोडून तो हॅम्बुर्गच्या कलाविद्यालयात एदुआर्दो पाओलोझ्झी यांच्या हाताखाली शिकू लागला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. वय अवघे २१. दुसऱ्याच दिवशी लेनन आणि सहकारी नव्या स्टार-क्लबमधील कार्यक्रमांसाठी हॅम्बुर्गला उतरले, तेव्हा विमानतळावर ही वार्ता त्यांस दिली ती सटक्लिफची वाग्दत्त वधू, छायाचित्रकार आस्ट्रिड किर्शहेर हिने.

चित्रपटाच्या सिद्धतेत किर्शहेर हिच्या आठवणींचा मोठा वाटा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयाचे ते येथेच. याच विषयावरील १९७९ च्या ‘बर्थ ऑफ द बीटल्स’ या चित्रपटास सल्लागार होता तो ऑगस्ट १९६२ मध्ये वृंदातून दूर केला गेलेला ढोलवादक पीट बेस्ट. म्हणजे दोन्ही वेळा साक्ष निघाली ती मागे राहिलेल्यांच्या मुखातून. अशी साक्ष खोटी नसते. परंतु ती आपल्या दुःखाभोवती घटनांची मांडणी करते.

पॉल मॅकार्टनी यांचा जाहीर आक्षेप या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘लाँग टॉल सॅली’ हे गीत ते स्वतः गात असत. चित्रपटात ते लेननच्या तोंडी घातले आहे. बदल किरकोळ वाटेल. वस्तुतः त्यामुळे वृंदातील सारा उग्रपणा एकट्या लेननकडे जातो. लेनन, सटक्लिफ आणि किर्शहेर या त्रिकोणास तो उपयोगी पडतो, पुराव्यास नव्हे.

याहून मोठी उणीव श्रमाच्या बाबतीत आहे. ऑगस्ट १९६० मध्ये इंद्रा क्लबमध्ये सुरुवात झाल्यावर रोज रात्री सुमारे साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास वादन करावयाचे आणि चित्रपटगृहाच्या मागील कोंदट खोल्यांत निजावयाचे, हा क्रम होता. जॉर्ज हॅरिसन अवघा १७ वर्षांचा. अल्पवयीन म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याची परत पाठवणी झाली. चित्रपटास हे अवगत आहे, पण शेकडो तासांची पुनरावृत्ती काही मिनिटांत दाखवावी लागते. ज्यातून वृंद घडला तेच पडद्यावर सर्वांत आखूड होते.

संगीताच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी प्रामाणिकपणा दाखविला, असेच म्हणावे लागेल. हुबेहूब नक्कल न करता त्यांनी डेव्ह ग्रोल, थर्स्टन मूर आदी अमेरिकन वादकांकडून ती जुनी गीते आपल्या काळाच्या जोशात वाजवून घेतली. १९६२ च्या डिसेंबरात स्टार-क्लबमध्ये घेतलेले ओबडधोबड ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यात ढोलावर रिंगो स्टार आहे, आणि सटक्लिफ तोवर जाऊन आठ महिने लोटले होते.