सैनिकाची मोटार, परक्या देशाचा रस्ता

जपानमधील तळावर नेमणूक झालेल्या अमेरिकी सैनिकाला तेथे स्वतःची मोटार बाळगता येते. यासंबंधीचे नियम उभय देशांच्या १९६० च्या 'सैन्यदर्जा करारा'त आहेत. त्याच्या दहाव्या कलमानुसार अमेरिकेने सैनिकाला दिलेला वाहन परवाना जपान चाचणी वा शुल्काविना मान्य करतो. खासगी गाडीला मात्र जपानचीच नंबर प्लेट लागते. तिच्यावर जपानी अक्षराच्या जागी बहुधा रोमन 'वाय' असतो. त्यामुळे गाडी कोणाची, हे लगेच कळते.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. ओकिनावात ती अमेरिकी राजवटीत उजवीकडून चाले; बेट १९७२ मध्ये जपानकडे परतले, तरी बाजू बदलली ती ३० जुलै १९७८ रोजी.

सक्तीच्या विम्यात मृत्यूबद्दल कमाल ३ कोटी येन मिळतात, मालमत्तेच्या नुकसानीबद्दल काहीच नाही. त्यामुळे ऐच्छिक विमा घेणेच शहाणपणाचे.

खरा वाद अपघातानंतरचा. सतराव्या कलमानुसार सैनिक कर्तव्यावर असेल तर खटल्याचा पहिला हक्क अमेरिकेचा, एरवी जपानचा. पण कर्तव्य म्हणजे काय? अधिकृत समारंभात मद्यपान करून गाडी चालवत परतणेही कर्तव्यात बसवण्याची वाट १९५६ च्या समझोत्याने मोकळी ठेवली होती. ती डिसेंबर २०११ मध्ये बंद झाली. इतका विलंब अनाकलनीयच म्हणावा लागेल. जपानमध्ये रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा भारताइतकीच, १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, आहे.