मंडळीचा सूर

देवापुढे गावे की गाऊ नये, असा प्रश्न आज कुणी विचारला तर आपल्याला नवल वाटेल. पण जगातल्या बहुतेक धर्मांत या प्रश्नावर कडाक्याची भांडणे झालेली आहेत. चौदाव्या शतकात दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांना ‘समा’ म्हणजे भक्तिगायनाची बैठक धर्माला धरून आहे की नाही, याचा जाब घियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांच्या सभेपुढे द्यावा लागला. ज्या चिश्ती परंपरेने पुढे कव्वाली घरोघर पोहोचवली, तिला आधी गाण्याचा हक्क सिद्ध करावा लागला होता.

असेच एक भांडण सतराव्या शतकात लंडनमध्ये झाले, आणि ते बाप्टिस्ट मंडळींत झाले. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये जमणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायासाठी वापरतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात इमारत नाही, माणसे आहेत.

बाप्टिस्टांचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा नाही. ज्याला समज आली आहे आणि जो स्वतः विश्वास कबूल करतो, त्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून द्यायचा. दुसरे म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणार, वर कुणी बिशप नाही. अशा लोकांमध्ये बेंजामिन कीच नावाचे पाळक होते. मुलांसाठी लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकापायी १६६४ साली त्यांना भर बाजारात खोड्यात उभे केले गेले होते. पुढे लंडनच्या हॉर्सलीडाउन भागातल्या आपल्या मंडळीत त्यांनी १६७०च्या दशकात प्रभुभोजनानंतर एक गीत म्हणण्याची प्रथा पाडली. मग सणाच्या दिवशी आणि अखेर दर रविवारी गीत होऊ लागले.

विरोधकांचे म्हणणे काय होते? माणसाने आधी रचून ठेवलेले शब्द सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे, तर त्यात पवित्र आत्म्याची प्रेरणा कुठली? मंडळीत विश्वासणारे आणि नुसते पाहायला आलेले एकत्र गाणार, ते कसे चालेल? आणि बायकांनी सभेत गप्प बसावे असे शास्त्र सांगते, मग त्यांनी गायचे कसे? कीच यांनी १६९१ मध्ये गायनाच्या बाजूने एक सबंध पुस्तक लिहिले. गीत उपासनेच्या अगदी शेवटी ठेवले, म्हणजे ज्यांना मान्य नाही त्यांनी आधी उठून जावे. तरीही काही जण मंडळी सोडून गेलेच. पण गाणे राहिले.

ते का राहिले याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उपदेश एकटा पाळक करतो. शास्त्रपाठ एक जण वाचतो. प्रार्थनाही बहुधा एकाच्याच तोंडून होते. गीत मात्र सगळे मिळून म्हणतात. ज्या पंथात पुरोहिताला वेगळा अधिकार नाही, तिथे सामान्य माणसाच्या हातात उपासनेचा एवढाच भाग उघडपणे येतो. गायनवृंद, ज्याला चर्चमध्ये ‘क्वायर’ म्हणतात, तो नंतर आला. नवी चाल लोकांना शिकवणे, सूर धरून ठेवणे, चार वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज जुळवून मंडळीच्या गाण्याला आधार देणे, हे त्याचे काम. चांगला क्वायर कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखा असतो. त्याने मागे उभे राहून बुवांना आणि श्रोत्यांना दोघांनाही उचलायचे असते. तो फार चांगला गाऊ लागला की एक धोका निर्माण होतो. मंडळी गायची थांबते आणि ऐकू लागते.

हे बाप्टिस्ट हिंदुस्थानात आले ते विल्यम केरी यांच्याबरोबर, १७९३ साली. मूळचे चांभारकाम करणारे हे गृहस्थ बंगालमध्ये सेरामपूरला स्थिरावले. मराठी माणसावर त्यांचे मोठे ऋण आहे. वैजनाथ शास्त्रींच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश. त्यांच्याच मंडळीत २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या बंगाली सुताराचा बाप्तिस्मा झाला. या सुताराने बंगालीत गीते रचली. त्यांतल्या एकाचे इंग्रजी रूपांतर जोशुआ मार्शमन यांनी केले आणि ते इंग्लंडच्या गीतसंग्रहांत जाऊन बसले. शिकवायला आलेल्यांच्याच गीतपुस्तकात शिष्याची कविता गेली.

महाराष्ट्रात मात्र बाप्टिस्टांनी फारसे मूळ धरले नाही. इथे १८१३ साली मुंबईत आले ते अमेरिकन मराठी मिशन. त्यांच्यातही प्रत्येक मंडळी स्वायत्त असे. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याबाबत तेवढे मत वेगळे. गाण्याचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढेही उभा राहिला, आणि तो वेगळ्या रूपात. गावे की नाही हा वाद मिटला होता. आता प्रश्न होता, कुणाच्या चालीत गावे?

मिशनऱ्यांनी आपली गीते मराठीत आणली आणि चाली विलायतीच ठेवल्या. कवी म्हणून मला यातली अडचण लगेच कळते. इंग्रजी कविता आघातावर चालते. मराठी कविता मात्रांवर किंवा अक्षरांवर चालते. विलायती चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते आणि दीर्घ अक्षर आखडते. शब्द मराठी असतात, पण कान त्यांना ओळखत नाही. दुसऱ्या बाजूला अभंगाची चाल घ्यावी, तर तिला जुन्या देवांचा वास लागलेला आहे, अशी भीती होती.

खरे तर या भीतीचे उत्तर फार आधी देऊन झाले होते. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते ओवीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांत, आणि ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. अमेरिकन मिशनात हे धाडस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाले. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी तिथे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पद, आर्या, साकी, निरूपण सगळे तेच; आख्यान तेवढे बायबलचे. त्यांच्या मागून आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तो देशी पाळकाच्याच हातून घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यामुळे त्यांच्या भजनांत अभंग उसना वाटत नाही. निकोल मॅकनिकोल यांनी त्यांची काही भजने इंग्रजीत नेली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात सांगळे, टिळक आणि विलायती गीतांची भाषांतरे अशी तिन्ही शेजारी नांदतात.

१९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. कीच यांच्या विरोधकांना जे नको होते, नेमके ते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, दरबार पुढे वाढला नाही. पण ज्या माणसाने मंडळीला तिचा सूर परत दिला, त्याने मंडळीचे दारही रुंद करून पाहिले, हा मला योगायोग वाटत नाही.

चालीला चिकटलेल्या वासाची भीती एकट्या मराठी मंडळींनाच होती असे नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्टांमध्ये थॉमस डॉर्सी हे पियानोवादक ब्लूज वाजवून पोट भरत. त्या लयीत देवाचे गाणे करताच अनेक चर्चनी दार लावून घेतले, कारण ती लय दारूच्या गुत्त्यातली. तरी १९३२ मध्ये शिकागोच्या पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चचा क्वायर त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळ गेले. त्या दुःखात त्यांनी रचलेले गीत १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी महालिया जॅक्सन यांनी गायले. गुत्त्यातली म्हणून नाकारलेली लय एका समाजाच्या शोकाला पुरून उरली.

हे सारे मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठमध्ये बसून लिहितो आहे. आमच्या डोंगरात पावरी आहे, सांबळ आहे, थाळीवर कथा सांगणारे थाळगान आहे. या पाड्यांवर कोणत्याही धर्माचा, कोणत्याही पंथाचा नवा उपदेश आला की पहिला प्रश्न हाच असतो, पावरीला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? बाहेर ठेवणे सोपे असते. कीबोर्ड विकत मिळतो, ध्वनिक्षेपक भाड्याने मिळतो. पण ज्याच्या आजाने पावरी वाजवली, तो पोरगा मग शेवटच्या रांगेत मुका बसतो आणि दुसऱ्याच्या सुरात ओठ हलवतो.

श्रद्धा कुणाची कोणती असावी, हे सांगणारा मी कोण? एवढे मात्र इतिहास वाचून वाटते. माणूस धर्म बदलेल, पंथ बदलेल. त्याचा सूर त्याच्याबरोबर आत येऊ दिला पाहिजे. ज्या मंडळीने तो येऊ दिला, ती टिकली आणि गात राहिली.