राजाचा सल्लागार आणि लोकापवाद

निडीहून सरसगडाच्या पायथ्याचे पाली गाव फारसे दूर नाही. श्रीबल्लाळेश्वराच्या दर्शनास आपल्या ज्ञातिबांधवांची कुटुंबे तेथे नित्य जातात. परंतु याच परिसराशी मराठी राज्यातील गृहकलहाचा एक दारुण प्रसंग निगडित आहे, याचे स्मरण थोड्यांसच असेल.

३ एप्रिल १६८० रोजी श्रीशिवछत्रपती निवर्तले. अण्णाजी दत्तो प्रभृती मंत्र्यांनी बाल राजारामांस रायगडी गादीवर बसविले आणि पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांस कैद करण्याचा बेत केला. सेनापती हंबीरराव मोहिते यांनी तो उधळून लावला. पुढे राजांनी अण्णाजींस क्षमा करून पुन्हा अधिकारही दिला. तथापि १६८१ साली औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर पालीनजीक आश्रयास आला, तेव्हा असंतुष्ट मंडळींनी त्याच्याशी संधान बांधले. ते उघडकीस येताच अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदींस देहदंड झाला.

या कलहात दोषाचे खापर फुटले ते कवि कलशावर. राजाची निंदा उघड करवत नाही; म्हणून ती सल्लागाराच्या माथी मारावी, ही जगाची जुनी रीत होय. कलश उत्तरेकडील कनोजी ब्राह्मण, येथे ना सोयरा ना भाऊबंद. 'छंदोगामात्य' हे पद मिळालेल्या या परक्याचे नावही लोकांनी 'कलुषा' केले. जादूटोण्याने राजास वश केले, अशी वदंता पसरली.

मल्हार रामरावांच्या बखरीने हे चित्र दृढ केले. ती बखर घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, आणि लेखक होते देहदंड पावलेल्या बाळाजी आवजींचे वंशज. त्या घराण्याचे दुःख खरेच होते. परंतु दुःख म्हणजे पुरावा नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली अस्सल कागदपत्रांच्या आधारे संभाजीचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा या मतास जोराचा धक्का बसला.

कलश सर्वथा निर्दोष होता, असे आमचे म्हणणे नाही. १६८८ साली शिर्क्यांशी त्याचे वैर विकोपास जाऊन त्यास विशाळगडी आश्रय घ्यावा लागला, हे खरेच. परंतु १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी राजांबरोबर तोही पकडला गेला आणि ११ मार्च रोजी राजांबरोबरच हालहाल होऊन मेला. ज्यास घरबुडव्या म्हटले, त्याने अखेरपर्यंत धन्याची साथ सोडली नाही.

आम्ही शिक्षक असता वर्षानुवर्षे मुलांस 'कलुषा' असेच शिकविले, याची आज खंत वाटते. आपल्या घराघरांतूनही कोणा दिवाणजीने, कोणा कारभाऱ्याने घर बुडविल्याच्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकू येतात. त्या पुढील पिढीस सांगण्यापूर्वी, त्या प्रथम कोणी सांगितल्या आणि का, एवढे तरी आपण विचारावे, ही नम्र विनंती.